टेपचं शून्याचं टोक

विषय क्रमांक सात. पाणीपट्टीच्या थकबाकीनंतर,
'ऐनवेळचे विषय' याच्या आधी.
ग्रामसेवकानं वाचलं : रस्ता सुरक्षा ऑडिट.
मागून गजू ढोक म्हणाला, "ऑडिट? काहून, कोणं खाल्ले पैसे?"
सभा हसली. सरपंच शेवंताबाई मडावी हसल्या नाहीत.
"पैशाचं नाही बावा. औंदा माणसं मोजाची हायेत."

ठराव झाला. सूचक, अनुमोदक, दोन अंगठे, बाकी सह्या.

चैत्रात जिल्हा परिषदेच्या निखाडे मॅडम आल्या,
डोक्याला ओला दुपट्टा, हातात सोळा पानांचा नमुना.
मी शिपाई. टेपचं एक टोक माझ्याकडे,
शून्याचं.
मॅडम आकडे घेऊन पुढं पुढं जात राहिल्या
अन् मी जिथल्या तिथं, गिट्टीवर अंगठा दाबून.

पुलाला कठडा नाही : लिहिलं.
शाळेपाशी पाटी नाही : लिहिलं.
फाट्याच्या वळणावर मॅडमनं कपाळावर हात आडवा धरला.
"समोरचं स्वच्छ दिसते," म्हणाल्या, अन् टिक केली.

शेवंताबाई तिथंच डांबरावर उकिडव्या बसल्या,
चौथीतल्या पोरीच्या उंचीच्या झाल्या.
"आज दिसते. वावर उलंगलं हाये.
कार्तिकात या मॅडम. तूर उभी राह्यते डोक्याएवढी,
पिवळी फुलं दिसतात, ट्रक दिसत नाही."

मॅडमनं टिक खोडली नाही.
बाजूला महिना टाकला अन् लिहिलं : पुन्हा पाहणे.

एक रकाना होता, मागील तीन वर्षांतले अपघात.
ठाण्यातून आकडा आला होता : दोन.
रशीद पंक्चरवाला टपरीतूनच बोलला,
"दोन तर एकट्या पोळ्याच्या दिवशी झाले."
त्यानं वाकलेली रिमं बाभळीला टांगून ठेवली होती.
मोजली. एकोणीस.
रिमं कोणत्या रकान्यात बसवायची
यावर बराच वेळ गेला.

कार्तिकात मॅडम खरंच आल्या, दिवस बुडताना, एसटीनं.
कापसाची बंडी चालली होती, मागं जुन्या सीड्या बांधलेल्या,
गाडीच्या उजेडात चमकाव्या म्हणून.
त्यापण लिहिल्या.

मी टेप धरला. वळणावर माझा अंगठा जिथं टेकला
तिथं आमचा धाकटा पडला होता.
मेला नाही, म्हणून नोंद नाही.
एक पाय ओढत चालते.
मी काही बोललो नाही.
मॅडम लांबून ओरडल्या, "शून्य बरोबर धरलं ना?"
"धरलं," म्हणलं.
तुरीतून मला त्या दिसत नव्हत्या.