डावखुरा

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या मागे,
बर्जोरशेठनी टेबलावर चादर अंथरली
आणि तिच्यावर आडवी ठेवली जर्मन बंदूक.
नळी केव्हाच शिशानं बुजवलेली. कागद ठाण्यात.

मला बोलावलं ते भिंगासाठी नाही,
भिंगं त्यांच्याकडे तीन आहेत.
"तू भांड्यांवर नावं घालतोस नी," म्हणाले,
"जरा हे वाच."

मुकुट. खाली आम्बेर्ग. त्याखाली १९१६.
दस्त्यावर, पट्टीवर, स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा चौसष्ट,
जसं रुखवतातल्या पातेल्यापासून पळीपर्यंत
एकच आडनाव.
फक्त बोल्टवर एकोणीस.
हा दुसऱ्या कुणाचा, शेठ म्हणाले,
चिखलातून उचलून बसवलेला.

कडेला तीन अक्षरं, प्रत्येकावर इवला मुकुट:
तपासनिसांचे शिक्के.
शेठची जाडी वही सांगते, कोणतं अक्षर कुठल्या सालचं.
माणसाचं नाव वहीत नाही.

मी अंगठा फिरवला.
दोन सरळ बसलेले. तिसऱ्याची
एक कड खोल, दुसरी नुसती टेकलेली.
शेठनी कपाटातून आणखी एक बंदूक काढली.
तेच अक्षर, तोच कल.

"डावखुरा होता," मी म्हणालो.

भद्रकालीत, मोडीत आलेल्या ढिगातून
अण्णांच्या हातचा तांब्या मी असाच ओळखतो,
कुणाचं नाव आहे ते वाचायच्या आधी.

शेठनी वहीत पेन्सिलीनं लिहिलं: डावखुरा,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
मी म्हटलं, ते तेवढं खोडा.
त्यांनी खोडलं नाही.