तथापि

राळेगावच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
बेबीनंदा थूल यांची केस मी आठ वर्षं छापली,
आधी रुपयाला एक पान, मग दोनला:
हजेरीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या,
इन्स्पेक्टरपुढं दिलेली जबानी,
की पट्ट्यावर जाळी नव्हती,
की शेवंताचा पदर त्यात गेला, मागोमाग हात.
जबानी मंगळवारी दिली.
बुधवारी जिनिंगच्या गेटवर यांचं कार्ड नव्हतं.

काल निकाल घेऊन आल्या,
यवतमाळहून, अडीचच्या बसनं,
डब्यातली भाकर तशीच.
"वाच बाबू. वकील घाईत होते."

मी वाचलं: सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरविण्यात येते.
त्यांनी पदर सावरला,
नाव पुकारल्यावर सावरतात तसा.
"म्हंजे मी खोटी नव्हती."
नव्हता, मावशी.
पान उलटलं, आणि नव्या पानाचा पहिलाच शब्द,
तथापि.

"तथापि म्हंजे?"
म्हणजे, पण.
"एवढा मोठा पण?"

मिलमध्ये आता नवी यंत्रं. अर्जदाराचं वय.
कामावर परत घेणं उचित दिसत नाही.
सबब एकरकमी भरपाई, कायद्यात बसेल तेवढी,
भरल्या वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार.
भरलं वर्ष म्हणजे दोनशे चाळीस दिवस.
दोनशे एकोणचाळीस म्हणजे
काही नाही.

जिनिंगचा हंगाम, मग सरकीची तेलघाणी,
असं करत एकोणीस सालं.
कोर्टानं धरली अकरा.
मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं फिरवला.
अकरा गुणिले पंधरा गुणिले दोनशे दहा.
चौतीस हजार सहाशे पन्नास.
खाली अक्षरी लिहिलेलं, शेवटी "फक्त".

पैशाचं त्या बोलल्याच नाहीत.
"कोन्ते साल नाही धरले?"

काउंटरवरचा स्टेपलर बाजूला केला,
कार्डं मांडली.
अठ्ठ्याण्णव. "पोरगी झाली. सव्वा महिन्यात आली होती मी,
गंजीमागं पाजत होती तिले."
दोन हजार दोन, आणि तीन. "मालकानंच घाणी बंद ठेवली न.
आमी रोज गेटवर बसून रायलो."
कार्डावर जांभळा शिक्का, गैरहजर.
सहाचं कार्डच नाही, ऑफिसात पाणी शिरलं म्हणे.
नऊ. दोनशे एकतीस.
इथं त्या थांबल्या. बाहेर वर्ध्याची गाडी लागली,
कंडक्टर कळंब-कळंब ओरडत होता.

"दवाखान्यात होती. त्याइच्या खाटेखाली झोपो.
नऊ दिवस.
दहाव्या दिवशी घेऊन आलो त्याइले, झाकून.
अकराव्या दिवशी मी रेच्यावर उभी."
मग म्हणाल्या,
"नऊ दिवस कमी पडले त आख्खं साल गेलं?"
गेलं, मावशी.
"मंग दोनशे एकतीस दिवस रेच्यावर कोन होतं?"

हे निकालात कुठं आहे का, मी खरंच पाहिलं.
अकरा पानं. पाठकोरी.

माझ्या वहीत त्यांच्या नावावर आठ वर्षांचे
एक हजार एकशे चाळीस रुपये जमा आहेत.
तेही भरपाईत बसत नाहीत,
आणि ते मी परत केले, असंही नाही.

धरलेल्या अकरा सालांचा गठ्ठा त्यांनी
निकालासोबत फायलीत टाकला.
न धरलेली कार्डं वेगळी बांधली, रबर लावून,
जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या पिशवीत.
"नऊची एक कॉपी काढ. पोरीले देतो पाठवून.
ते लहान होती, तिले आठोत नाही."
मशीनचा उजेड कार्डाखालून सरकला.
दोन रुपये काउंटरवर ठेवून
त्या गाडीमागं धावल्या.

आज सकाळी झाकण उचललं,
तर ओरिजिनल काचेवरच राहिलेलं.
कडेला तेलाचा डाग, एका अंगठ्याचा,
मधे नऊ रिकामे चौकोन.
काच पुसायची होती. पुसली नाही.
त्या गुरुवारी बँकेत येतात.