बजावणी

एकतीस वर्षं मी लोकांच्या सामानावर टाच आणतोय,
आता यांच्यावरच टाच आलीय,
असं शालन प्रत्येक पाहुण्याला सांगते
आणि चहा ओतता ओतता स्वतःच हसते.
मीही हसतो. विनोद तिचा, टाच माझी.

सकाळी साडेपाच. पाय पलंगाखाली सोडण्याआधी
टॉवेल चवड्यात अडकवून ओढायचा, तीस आकडे.
मग पहिलं पाऊल.
फरशीखालून कुणीतरी दाभण वर काढतं.
भिंत धरून मोरीपर्यंत अकरा पावलं:
सातव्याला जरा सैल होतं, दहाव्याला वाटतं गेलं,
मोरीच्या उंबऱ्यावर परत आहेच.

एक्स-रेत हाडाला फुटलेला काटा दिसतो.
बाभळीचा असता तर सुईनं काढला असता.
डॉक्टर म्हणाले, काट्याचं मनावर घेऊ नका,
ज्यांचं दुखत नाही त्यांनाही तो असतो.
मग माझं का दुखतं?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

सगळं करून झालं.
दोन इंजेक्शनं; पहिल्यानंतर आठ दिवस
मी वरच्या रस्त्यानं शीळ घालत कोर्टात गेलो.
दुसऱ्यानंतर एक दिवसही नाही.
मशीनचे झटके, चपलेत सिलिकॉन,
विटेवर तापवलेलं रुईचं पान,
कोरेगावच्या एका माणसाचा बिब्बा,
त्याचा डाग राहिला, गुण नाही.
टाच ऐकत नाही. नोटीसच घेत नाही.

सातारा चढउताराचं गाव.
वरचा रस्ता, खालचा रस्ता सगळ्यांना माहीत,
मधले बोळ मला विचारा.
कुठल्या दारात हुकूम घेऊन किती वेळ उभा होतो,
आतली कुजबुज, घाईनं झाकलेलं भांडं,
पोराला पढवलेलं, ‘पप्पा गावाला गेलेत.’
त्या उभं राहण्याचं हे व्याज असेल,
असं एकदा शालनला म्हणालो.
ती म्हणाली, व्याजबीज काही नाही, वजन कमी करा.

छबूताई किर्दतांचा फ्रीज मात्र आठवतो.
शिलाई मशीन कायद्यानं सुटलं, फ्रीज सुटत नव्हता.
पंचांच्या सह्या होईस्तोवर त्यांनी आतलं एकेक काढलं,
दुधाचं पातेलं, कोथिंबीर, अर्धं लिंबू,
बर्फाचा ट्रे नेऊन जास्वंदीच्या कुंडीत उलटा केला.
मग मला म्हणाल्या, बसा भाऊ, दोन मजले चढून आलाय.
मी बसलो नाही.
हातात हुकूम असताना बसायचं नाही, असा माझा नियम होता.

आता रात्री गोठवलेली पाण्याची बाटली
तळपायाखाली घेऊन लाटत बसतो, पोळीसारखी.
बर्फ आधी चावतो, मग टाच कुणाचीच राहत नाही.
चारेक मिनिटं.
तेवढ्यात तो ट्रे आठवून जातो.

बरं होणं बहुतेक नाहीच.
हल्ली मी बसतो.
जागा पाठ झाल्यात:
मोती चौकात बंद पडलेल्या घड्याळवाल्याची पायरी,
मंगळवार तळ्याचा कठडा, पण ऊन यायच्या आत,
समर्थ मंदिराच्या चढाआधी रसवंतीचं बाकडं,
रस घेतला नाही तरी तिथली बाई काही म्हणत नाही.
आणि ज्यांच्या दारात कागद घेऊन जातो
तेही म्हणाले बसा, तर बसतो.
बसलेल्या माणसाशी लोक वेगळं बोलतात.
कागद तोच असतो.

अहवाल लिहायचा झाला तर असा:
सदर इसम राहत्या जागी मिळून आला.
दुखणे त्याच जागी मिळून आले.
ताबा सोडण्याबाबत समज दिली, नकार मिळाला.
पंच म्हणून पत्नी हजर होती, तिने सही न करता
मिठाच्या गरम पाण्याची बादली आणून ठेवली.
सबब हुकूम बजावणीविना परत.

पाणी फार कढत आहे.
जरा थांबतो.