ओल

लातूरच्या आडतीत दस्तगीरमामा
सोयाबीनचा एक दाणा दाढेखाली धरायचे.
कट्.
"बारा टक्के." मी वहीत बारा लिहायचो.

मग मशीन आलं. तेही म्हणालं, बारा.
मी खुळ्यासारखा विचारून बसलो,
मामा, कळतं कसं?

त्यांनी दुसरा दाणा घेतला. चावला. थांबले.
जिभेनं दाढ चाचपली,
वर पत्र्याकडे पाहिलं.
तिसरा.
"अकरा असंल. न्हाईतर तेरा."

त्या दुपारी पहिल्यांदा
थप्पीला टेकून बसलेले दिसले,
मूठभर दाणे तळहातावर,
एकही तोंडात न टाकता.

काटा झाकून निघताना म्हणाले,
"बारा कळायलतं रे.
कळायलंय, हे ठावं नव्हतं."

मशीनला मी
अजून काहीच विचारलेलं नाही.