साठ लिटर

गाडी वळते, मग पाणी वळतं.
पलंगाखालच्या टाकीत त्याला खबर
जरा उशिरा पोचते,
आणि ब्रेक दाबला, की सगळं थांबल्यावर
ते एकटंच पुढे येऊन
फळीवर डोकं आपटतं.
फोंडा घाट मी तसाच उतरले, आडवी,
पाठीखाली साठ लिटर.

काटा बिघडलेला आहे.
म्हणून बोटांच्या पेरांनी
टाकीवर वरून खाली टकटक करत जायचं:
पोकळ, पोकळ, पोकळ,
आणि आवाज जिथे जड होतो
तिथून खाली आपण श्रीमंत.

दिनानाथ वहीत लिहितो.
फोंडा, नळ, साठ. क्लोरिनचा वास.
विजयदुर्ग, खाणावळ, पस्तीस. लोखंडी.
कुणकेश्वर, कुणाच्या तरी गच्चीवरून, वीस.
केस धुण्यावरून झालेलं भांडण लिहीत नाही.
खरकटं वाळूनं घासायचं, लाटेत विसळायचं,
शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा, एक पेला.
अंघोळीला दोन तांबे.
तिसरा मागितला तर तो काही बोलत नाही,
नुसता वहीकडे बघतो.

तांबळडेगला सुरूच्या बनात गाडी लावली.
टाकीत अजून होतं, निम्म्याच्या खाली,
पण हाव सुटते.
कॅन घेऊन पहिल्या घराच्या गडग्यापाशी उभी राहिले.
द्वारका कोयंडे जाळ्यातून खेकड्याचे पाय सोडवत होती.
‘बावीचा मचूळ झाला. नळाक परवा येतला.’
मग मान वाकडी करून, सुरूंकडे बघत:
‘घर घेवन फिरतास?’

बघायला आली. पायरीशी चपला काढल्या.
पलंग, शेगडी, पडदा,
नजर सगळ्यावरून घसरली आणि नळावर थांबली.
तिनं तो उघडला. धार पडली.
चटका बसावा तशी बंद केली.
‘किती आसा?’
‘साठ मावतं.’
‘हंडे सांग.’
दिनानाथनं मनात भागाकार केला. ‘चार.’
‘चार हंडे,’ ती म्हणाली, ‘आणि माणसां दोन!’
आणि इतकी मोठ्यानं हसली
की पत्र्याच्या भिंतीही थोड्या हसल्या.

मी पेला भरून पुढे केला. थोडा तोरा होता त्यात,
कबूल करते.
तिनं घोट तोंडात फिरवला,
दारातून बाहेर थुंकला.
‘ह्येका पिपाचो वास येता.’

गेली, आणि कळशी घेऊन आली,
तोंडाला पांढरं फडकं बांधलेली.
खाडीपलीकडून होडीनं आलेलं पाणी.
जावयासाठी राखलेलं, ते नंतर कळलं.
नरसाळं नको म्हणाली. बाटलीत दोन लिटर
एक थेंब न सांडता.
मी नको नको म्हणत होते
आणि बाटली भरत होती.
‘ह्या पिऊक. ता भांड्यांक.’

काहीतरी द्यायला हवं होतं.
हात पाकिटाकडे गेला आणि अर्ध्यातच लाजला.
तिनंच सोडवलं: बादली आणून ठेवली.
‘अबोलीक व्हया.’
दहा लिटर, घाटापासून सांभाळलेलं,
वहीत मोजलेलं, ज्यावरून आम्ही दोन दिवस
एकमेकांशी धड बोललो नव्हतो,
तिनं आळ्यात ओतलं.
माती काही म्हणाली नाही. प्यायली.

रात्री दिनानाथनं वही उघडली.
तांबळडेग, लिहिलं. पुढे पेन हललं नाही.
‘अधिक दोन? की उणे आठ?’
‘झोप आता,’ मी म्हटलं.
भरती चढत होती. त्यानं तो रकाना
तसाच ठेवला.

बाटली मी टाकीत ओतू दिली नाही.
परतताना घाटात ती माझ्या मांडीत होती.
मागे टाकी नेहमीसारखी
उशिरा वळत होती,
हे पाणी मात्र
माझ्याबरोबरच.