शंभरापैकी पंधरा

आधी वाटलं, जिना उंच झालाय.
डंडीतल्या आमच्या घराला सोळा पायऱ्या.
सातवीवर मी बसायचे
आणि खालच्या मिसेस पिट्रींचा म्हातारा कुत्रा
माझ्याकडे बघत राहायचा, तोही धापत.

आई फोनवर म्हणाली, नववा लागला की होतं असं.
इचलकरंजीहून तिला माझे पाय दिसत नव्हते:
नडगीवर मोज्याची उमटलेली वीण,
बोट दाबलं की तसाच राहणारा खळगा.
रात्री एक उशी, मग दोन, मग चार,
मग खुर्ची.
आडवं झालं की आतून कुणीतरी पाणी सोडायचं.
ऊर भरून येणं
मी लग्नांत, निरोपांत वापरून गुळगुळीत केलेलं.
ते असं शब्दशः असतं:
टिश्यूवर, गुलाबी, फेसाळ.

मॉरवेन नावाची सुईण, पंचविशीची, नाकात खडा,
घड्याळाकडे बघत माझे श्वास मोजत होती.
मिनिटाला चौतीस.
"हे बाळामुळे नाही," म्हणाली
आणि तिनं फोन उचलला.
त्या एका वाक्यावर मी आज उभी आहे.

पडद्यावर माझं हृदय,
धुऊन पिळायची राहिलेल्या चादरीसारखं.
मोठं झालंय, डॉक्टर इनस म्हणाले.
मोठ्या मनाच्या बाईचं आमच्याकडे किती कौतुक,
हे मी त्यांना सांगितलं नाही, श्वास पुरला नसता.
दर ठोक्याला शंभरातले पंधराच बाहेर पडतात.
पंधरा!
मी गणित शिकवते. पंधरा मिळवणाऱ्या पोरांच्या आईबापांना
काय सांगायचं, ते मला पाठ होतं.
त्यांच्या जागी सुव्रत बसला होता,
अंगात कोट, एका हातात माझ्या बांगड्या.

रात्री तीन वाजता, अर्धवट बसवूनच,
पाठीतून थेंबाथेंबानं सुन्न करत नेलं मला.
मनगटात नळी, मानेत नळी, खोलीत एकोणीस माणसं.
बाळ सुटल्यावर खरी भीती, हे मला आधीच सांगितलेलं:
पोटाकडे गेलेलं रक्त मग एकदम हृदयाकडे वळतं,
चार लेकी एकाच रात्री माहेरी याव्यात
आणि दार उघडायलाही घरात त्राण नसावं.
पडद्याच्या वरून क्षणभर दिसली,
दोन किलोचा नुसता संताप.
मग छत.

शुद्धीवर आले तर एक बारकी पांढरी गोळी.
दूध आटवते ही.
दूध आणणारा जो रस, त्यातलंच काहीतरी
हृदय पोखरत असावं;
असावं, इनस पुन्हा म्हणाले, नक्की ठाऊक नाही आम्हाला.
त्या 'नक्की नाही'मुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.
गोळी गिळली.
दोन मजले वर शर्वरी रडली असेल
आणि माझा गाऊन कोरडा.
आईनं विचारलं, अंगावर पाजतेस ना?
हो, म्हणाले.

तिला कुणा परक्या बाईचं दूध मिळालं.
बाटलीवर नाव नाही, नुसती तारीख.
अजून बसमध्ये मी बायकांकडे बघत बसते,
ही असेल, किंवा ती,
लाल टोपीवाली, चिप्स खाणारी.

पंधरा. बावीस. सहा महिन्यांनी अडतीस.
मागच्या वसंतात एकावन्न.
पैकीच्या पैकी कुणालाच नसतात, इनस हसून म्हणाले,
साठ म्हणजे उत्तम.
म्हणजे आमचा पहिला वर्गच.
मग हसू आवरून, दुसरं मूल नको.
सुव्रतनं पाळणा विकायला काढला,
आणि घ्यायला आलेल्या जोडप्याला
एक खिळा हरवलाय म्हणून परत पाठवलं.

सकाळी चार गोळ्या, रात्री दोन.
जिना मी आता न थांबता चढू शकते.
पण शर्वरी सातव्या पायरीवर बसते,
हात गुडघ्यांवर ठेवून, मोठा श्वास घेऊन.
तिला वाटतं
जिना असाच चढायचा असतो.