कार्बन

ऋजुता म्हणाली, आई, तुझा कार्बन मोजूया.
मी म्हटलं, मोजायचा काय त्यात,
डबीत शंभर यायचे, निळे वेगळे, काळे वेगळे,
आणि भांडारातले खारकर
सहीशिवाय एक सोडायचे नाहीत.

हसली. मग समजावत बसली,
मी तिला पाढे समजवायचे तशी.

कोकण भवनात मी अठ्ठावीस वर्षं टाइप केलं.
मूळ प्रत साहेबांना, दुसरी कलेक्टरला,
तिसरी फायलीला.
चौथी इतकी पुसट
की ती ज्याला जायची तो माणूसही
पुसटच असेल असं वाटायचं.

जमिनीच्या नोटिशीची चौथी प्रत गावात जायची.
एकदा माझ्या हातची
माझ्या बापाच्या हातात आली.
कोंबडभुज्याला, खाडीच्या बांधावर उभा राहून
तो ती उन्हात धरून वाचत होता.
"एवढं पुसट कोनी छापलं गो?"
मी सांगितलं नाही.

फोन विचारत गेला: गाडी?
नाही. आग्रोळीतून पायी जायचे, बारा मिनिटं.
एसी? खिडकी आहे.
विमानं, वर्षाला किती?
एकही नाही, जन्मात.
पडद्यावर हिरवं पान उगवलं,
अभिनंदन म्हणालं.
जे परवडलं नाही
त्याला फोन पुण्य म्हणत होता.

मग तिनं स्वतःचं भरलं.
बंगळूरच्या मीटिंगा, एका वर्षात अकरा.
दुबई. बाली, तीन रात्री.
पान पिवळं झालं, लाल झालं,
आणि पोर गप्प झाली.
बराच वेळ फोन पालथा ठेवून
भेंडीची देठं काढत राहिली.

शेवटी म्हणाली, तुझ्या साठीला
अंदमानची तिकिटं काढली होती.
नव्या विमानतळावरून.
रद्द करू?

आता मला विचारा,
ती धावपट्टी कुणाच्या बांधावरून जाते.
कुठे आमची खाजणातली भातं,
कुठे निवट्या धरायचो तो चिखल.
वरून एकदा बघावं, असं मनात आलं,
खोटं कशाला बोलू.
बापाला कधी दिसलं नाही ते,
एवढं सगळं एकदम.

मी म्हटलं, माझं एक राहू दे बाजूला,
तुझे अकरा बघ.

तिनं बघितले.
आठ मीटिंगा घरून केल्या, साहेब फुगला,
नवव्याला स्वतःच म्हणाला, स्क्रीनवरच बोलू.
ऐरोलीला बसने जाते आता,
पाऊण तास जास्त, आणि कुरकुर करते, करू दे.
रविवारी दिवाळ्याच्या बाजारात
मावरं माझ्या स्टीलच्या डब्यात घेते.
जयवंती कोळीण विचारते,
काय गो, पिशवीवर राग का?

आणि माझं तिकीट मी बदललं.
चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे बोट.
अडीच-तीन दिवस नुसतं पाणी.
तिला एवढी रजा नाही.
एकटी जाशील? म्हणाली.
खाडीवरच्या पोरीला
पाणी एकटं वाटत नाही, मी म्हटलं.
बोटीलाही धूर असतो हं, ती म्हणाली.
असेल की.
प्रत निघणारच, पुसट निघू दे.

काल ट्रंक काढली, शाल शोधायला.
तळाशी एक जुना कार्बन,
सुरकुतलेला, निवृत्तीच्या दिवशी
कसा कोण जाणे बरोबर आलेला.
पोरांना ठाऊक नसेल,
वापरलेला कार्बन उजेडात धरला
की त्यावर टंकलेलं सगळं वाचता येतं,
ओळीवर ओळ, नावावर नाव,
एकही खोडलं जात नाही.

मी तो ट्यूबलाइटसमोर धरला.
बोटं काळी झाली.
गाडीला अजून नऊ दिवस होते.